शेततळ्याचे गणित आणि दहावीचे वर्गसमीकरण

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याची पश्चिम कड सह्याद्रीला टेकलेली आहे. अकोले तालुक्यात घाटघर-रतनवाडीच्या परिसरात पाऊस अक्षरशः कोसळतो आणि प्रवरेवरील भंडारदरा धरण भरते. परंतु तेथून पूर्वेस व दक्षिणेस जावे तसतसे पर्जन्यमान झपाट्याने घटत जाते. पाथर्डी, कर्जत, जामखेड, श्रीगोंदा, पारनेर या तालुक्यांत तर पावसाचा भरवसा धरताच येत नाही. पडलेला पाऊस शिवारातच अडवावा, हा विचार या जिल्ह्यात रुजला त्याचे कारण हेच. राळेगण सिद्धी व हिवरे बाजार या गावांनी तो प्रत्यक्षात आणून दाखविला. २०१६ साली राज्य शासनाने ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना सुरू केल्यानंतर शेततळे हा शब्द गावोगावच्या ग्रामसभांत रोजच्या बोलण्यातला झाला.

शेततळ्याची चर्चा होते ती बहुधा त्याच्या लांबी-रुंदीवरून. योजनेत लहानातला लहान आकार १५ × १५ × ३ मीटर आणि मोठ्यातला मोठा ३० × ३० × ३ मीटर असा धरलेला होता. जमीन थोडी असलेला शेतकरी साहजिकच विचार करतो की, तीस मीटरऐवजी पंधरा मीटर बाजूचे तळे घ्यावे. बाजू निम्मी, तेव्हा पाणीही निम्मे मिळेल. थोडे अधिक जाणणारा मनुष्य म्हणतो, क्षेत्र चौथाई होते, म्हणून पाणी चौथाई. वस्तुस्थिती अशी आहे की, तळ्याच्या काठांना एकास एक उतार दिलेला असेल, तर मोठ्या तळ्यात २,१९६ घनमीटर पाणी मावते आणि लहान तळ्यात केवळ ४४१ घनमीटर. म्हणजे निम्मे नव्हे, चौथाईही नव्हे, जेमतेम पाचवा हिस्सा. ज्याने निम्म्या पाण्याच्या हिशेबाने लिंबाची किंवा डाळिंबाची बाग लावली असेल, त्याला ही चूक समजते ती मार्च महिन्यात. त्या वेळी उपाय हाती नसतो.

असे का होते, याचे उत्तर दहावीच्या गणिताच्या पुस्तकात आहे. बीजगणिताच्या भागातील ‘वर्गसमीकरणे’ हे प्रकरण विद्यार्थ्यांना रुक्ष वाटते आणि पुष्कळ ठिकाणी ते सूत्र पाठ करण्यापुरतेच उरते. शाळेपासून हाकेच्या अंतरावर असलेले तळे आणि फळ्यावरचे समीकरण ही वास्तविक एकच गोष्ट आहे, हे मात्र वर्गात क्वचितच सांगितले जाते.

तळे कापून पाहिले तर

तळ्याचे काठ भिंतीसारखे उभे नसतात. तसे ठेवले तर माती ढासळेल. एकास एक उतार याचा अर्थ असा की, एक मीटर खाली जाताना काठ एक मीटर आत सरकतो. तीन मीटर खोलीच्या तळ्यात प्रत्येक काठ तीन मीटर आत येतो, आणि दोन्ही बाजूंनी मिळून तळाची बाजू वरच्या बाजूपेक्षा सहा मीटरने कमी होते. वर ३० मीटर असेल तर तळाशी २४. वर १५ असेल तर तळाशी अवघे ९.

वरच्या बाजूची लांबी क्ष मीटर मानू. आता हे तळे मनातल्या मनात सुरीने कापावे. मध्यभागी एक चौकोनी ठोकळा निघतो. त्याची बाजू (क्ष − ६) आणि उंची ३, म्हणून घनफळ ३(क्ष − ६)². चार काठांना लागून चार पाचरी निघतात. प्रत्येकीचा छेद ३ मीटर पाया व ३ मीटर उंची असलेला काटकोन त्रिकोण, म्हणजे साडेचार चौरस मीटर, आणि लांबी (क्ष − ६). चारही मिळून १८(क्ष − ६). उरतात ते चार कोपरे. प्रत्येक कोपरा म्हणजे ३ × ३ मीटर पायाचा व ३ मीटर उंचीचा उलटा पिरॅमिड. त्याचे घनफळ २७ चा एक तृतीयांश, म्हणजे ९. चारांचे ३६. ही सर्व बेरीज करून पदे एकत्र केली की तळ्याचे घनफळ मिळते:

घनफळ = ३क्ष² − १८क्ष + ३६

या राशीत क्ष चा वर्ग आहे, क्ष आहे आणि एक साधी संख्या आहे. गणितात हिला वर्ग बहुपदी म्हणतात. क्ष ची किंमत ठरली की घनफळाची किंमत ठरते. अशा अवलंबून असणाऱ्या संबंधाला फलन हे नाव आहे. क्ष च्या जागी ३० ठेवावे: २,७०० वजा ५४० अधिक ३६, उत्तर २,१९६. १५ ठेवावे: ६७५ वजा २७० अधिक ३६, उत्तर ४४१. वर दिलेले आकडे या हिशेबातून आले आहेत.

मोजमाप पुस्तिकेवर सही करणाऱ्या अधिकाऱ्यास आणि बिलास मंजुरी देणाऱ्या ग्रामपंचायत सदस्यास या सूत्राचा आणखी एक उपयोग आहे. खोदाईचे देयक घनमीटरवर निघते. कोणी केवळ लांबी, रुंदी व खोली यांचा गुणाकार करून ३० × ३० × ३ म्हणजे २,७०० घनमीटर असे मोजमाप मांडले, तर जी माती कधी खोदलीच गेली नाही अशा ५०४ घनमीटर मातीचे पैसे द्यावे लागतील. वरचे क्षेत्र व तळाचे क्षेत्र यांची सरासरी काढून तिला खोलीने गुणण्याची दुसरी एक पद्धत प्रचारात आहे. ती पुष्कळ जवळ येते, पण तीही अचूक नाही. तिच्यात नेमके १८ घनमीटर जास्त येतात, आणि गंमत अशी की तळे लहान असो वा मोठे, हा फरक १८ च राहतो. तीस मीटरच्या तळ्यात तो शेकडा एकाहूनही कमी, म्हणून दुर्लक्षिता येतो. पंधरा मीटरच्या तळ्यात मात्र तो शेकडा चार होतो.

वाढीचा वेग

याच सूत्राने २० मीटर बाजूच्या तळ्यात ८७६ आणि २५ मीटरच्या तळ्यात १,४६१ घनमीटर पाणी येते. आता चारही आकडे ओळीने मांडावेत: ४४१, ८७६, १,४६१, २,१९६. बाजू प्रत्येक वेळी पाचच मीटरने वाढली आहे. पाणी मात्र प्रथम ४३५ ने, नंतर ५८५ ने आणि शेवटी ७३५ ने वाढले. म्हणजे वाढही वाढतच गेली, आणि प्रत्येक वेळी १५० नेच. समान अंतराने वाढणाऱ्या किमती घेतल्या असता फरकांचा फरक कायम राहणे, ही वर्ग बहुपदीची ओळख आहे. तलाठ्याच्या नोंदीत असो, वजनकाट्याच्या वहीत असो, आकड्यांचा असा क्रम दिसला की त्यामागे कुठेतरी वर्ग दडलेला आहे असे खुशाल समजावे.

शिक्षकांना ही रीत फार उपयोगी आहे. नववी-दहावीच्या मुलांना सूत्र सांगण्यापूर्वी हे चार आकडे देऊन पाचवा ओळखण्यास सांगावे. मुले फरक काढतात, फरकांचा फरक काढतात आणि ३५ मीटरच्या तळ्यात ३,०८१ घनमीटर पाणी मावेल असे बिनचूक सांगतात. मगच सूत्राने पडताळा घ्यावा.

उलटा प्रश्न

आतापर्यंत बाजू दिली होती आणि पाणी काढायचे होते. शेतकऱ्यापुढचा प्रश्न याच्या उलट असतो. त्याला किती पाणी हवे हे ठाऊक असते. तळे केवढे खोदावे हे ठरवायचे असते. हिवरे बाजारच्या ग्रामसभेत दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून मग पिके ठरविली जातात, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. तशाच हिशेबाने एका बागेचा विचार करू. ५०० झाडे, उन्हाळ्यात दर झाडास दररोज २० लीटर पाणी, आणि काढायचे दिवस १२०. एकूण १२ लाख लीटर, अर्थात १,२०० घनमीटर.

प्रथम वर्गात सोडवायला सोपा म्हणून १,२०९ हा आकडा घेऊ. ३क्ष² − १८क्ष + ३६ = १,२०९. सर्व पदांस तिनाने भागून व मांडणी करून समीकरण मिळते ते असे: क्ष² − ६क्ष − ३९१ = ०. हेच वर्गसमीकरण. पाठ्यपुस्तकात ते सोडविण्याच्या तीन रीती आहेत: अवयव पाडणे, पूर्ण वर्ग करणे आणि सूत्र वापरणे.

बहुतेक विद्यार्थी अवयवांकडे धावतात. ज्यांचा गुणाकार ३९१ आणि फरक ६ अशा दोन संख्या शोधायच्या. २३ आणि १७ या त्या संख्या होत, पण त्या सुचण्यास वेळ लागतो, आणि परीक्षेच्या दालनात घाम फुटतो. शिवाय ही रीत फसवी आहे. १,२०९ ऐवजी शेतकऱ्याचा खरा आकडा १,२०० घेतला की समीकरण होते क्ष² − ६क्ष − ३८८ = ०, आणि ३८८ चे असे पूर्णांक अवयव मिळतच नाहीत. पुस्तकातील उदाहरणे अवयव पडतील अशी निवडलेली असतात. शेतातली उदाहरणे निवडून येत नाहीत.

पूर्ण वर्ग करण्याची रीत दोन्ही ठिकाणी सारखीच चालते. क्ष² − ६क्ष या दोन पदांकडे पाहावे. मधल्या पदाचा सहगुणक ६. त्याचे अर्धे ३. त्याचा वर्ग ९. हे ९ दोन्ही बाजूंस मिळविले की डावीकडे (क्ष − ३)² हा पूर्ण वर्ग तयार होतो. पहिल्या उदाहरणात उजवीकडे ४०० येतात. क्ष − ३ = २०, म्हणून क्ष = २३. दुसऱ्या उदाहरणात उजवीकडे ३९७. त्याचे वर्गमूळ १९.९२, म्हणून क्ष = २२.९२ मीटर. खोदणारा टेप धरील तो २३ मीटरचाच.

येथे थांबून एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. (क्ष − ३) ही राशी केवळ युक्तीने आणलेली नाही. तळ्याच्या बरोबर अर्ध्या खोलीवर, दीड मीटर खाली, काठ दोन्ही बाजूंनी दीड-दीड मीटर आत आलेला असतो. तेथील बाजू क्ष − ३ इतकीच भरते. म्हणजे पूर्ण वर्ग करणे याचा अर्थ वरची बाजू सोडून मधली बाजू मोजणे. सूत्र ३(क्ष − ३)² + ९ असे लिहिले की तळे सरळ काठांच्या हौदासारखे वागू लागते. फक्त नऊ घनमीटरची भर कोपऱ्यांपोटी घालावी लागते. पूर्ण वर्गाची पायरी विद्यार्थ्यांच्या डोक्यावरून जाते, अशी तक्रार शिक्षक करतात. तळ्याच्या काठावर उभे राहून ती दाखविली तर ती पायांखाली येते.

या रीतीचे जुने नाव ‘मध्यमाहरण’ असे आहे. मधल्या पदाचे हरण करणे, ते नाहीसे करणे. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये पूर्ण केलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’च्या बीजगणित या भागात वर्गसमीकरणांचे विवेचन याच नावाखाली आहे. भास्कराचार्यांचा वारसा महाराष्ट्रात शिलालेखाच्या रूपाने उभा आहे. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटण येथे त्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिल्याची नोंद इ. स. १२०७ च्या शिलालेखात असून, एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी यांनी तो लेख प्रकाशात आणला. त्या मठाला जमीन व उत्पन्न दान दिल्याचाही उल्लेख त्यात आहे. बीजगणिताच्या अध्यापनास अनुदान देण्याची प्रथा या प्रदेशात एवढी जुनी आहे.

भास्कराचार्यांनी या ठिकाणी श्रीधराचार्यांचा नियम सांगितला आहे. दोन्ही बाजूंस वर्गपदाच्या सहगुणकाच्या चौपटीने गुणावे आणि मूळ मध्यपदाच्या सहगुणकाचा वर्ग मिळवावा. क्ष² − ६क्ष = ३९१ यास चारांनी गुणले की ४क्ष² − २४क्ष = १,५६४; त्यात ३६ मिळविले की उजवीकडे १,६०० आणि डावीकडे (२क्ष − ६)². म्हणून २क्ष − ६ = ४०. या रीतीत अपूर्णांक येत नाहीत, हा तिचा मोठा गुण. दहावीच्या पुस्तकातील सूत्र याच नियमाचे आजचे रूप आहे. ज्याला तो नियम समजला त्याला सूत्र पाठ करण्याची गरज पडत नाही, आणि विसरले तरी दोन ओळींत ते पुन्हा मांडता येते.

दोन उत्तरे आणि एक तळे

वर्गसमीकरणाला दोन मुळे असतात. वर क्ष − ३ = २० असे लिहिले, पण − २० चा वर्गही ४०० च आहे. त्यावरून क्ष = − १७ येते. उणे सतरा मीटर बाजूचे तळे असू शकत नाही, म्हणून ते मूळ सोडून द्यावयाचे. विद्यार्थी हे वाक्य परीक्षेत लिहितात, परंतु सवयीने. त्यामुळे उणे असेल ते सोडावे आणि अधिक असेल ते घ्यावे, असा समज होऊन बसतो.

तो समज पुरेसा नाही. समजा, कोणी विचारले की २१ घनमीटर पाण्यासाठी याच पद्धतीचे तळे केवढे असावे? समीकरण सोडविले की (क्ष − ३)² = ४, आणि क्ष = ५ किंवा १. दोन्ही मुळे अधिक आहेत आणि दोन्ही निरुपयोगी आहेत. कारण वरची बाजू सहा मीटरपेक्षा कमी असेल तर एकास एक उताराचे काठ तीन मीटर खोलीपर्यंत पोचण्यापूर्वीच एकमेकांना भिडतात. असे तळे खोदताच येत नाही. समीकरणाला उताराची अट माहीत नसते. ती लक्षात ठेवण्याचे काम सोडविणाऱ्याचे.

भास्कराचार्यांनी हा मुद्दा वानरांच्या उदाहरणांनी स्पष्ट केला आहे. एका उदाहरणात कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग वनात खेळत आहे आणि उरलेले बारा टेकडीवर आहेत. उत्तरे ४८ आणि १६, आणि दोन्ही ग्राह्य. दुसऱ्या उदाहरणात कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून येणाऱ्या संख्येचा वर्ग गुहेत गेला आहे आणि एक वानर बाहेर दिसते. उत्तरे ५० आणि ५. येथे पाच हे उत्तर अधिक असूनही ते टाकावे लागते, कारण पाचाचा पाचवा भाग एक, आणि त्यातून तीन वजा केले तर उणे दोन. वर्ग केल्यावर ते उणेपण झाकले जाते, एवढेच. कागदावर पडताळा बरोबर येतो आणि तरीही गोष्ट घडू शकत नाही. साडेआठशेहून अधिक वर्षांपूर्वीचे हे उदाहरण आजही वर्गात जसेच्या तसे घेता येते.

कुंपणाचा प्रश्न

वर्ग बहुपदीचा दुसरा एक प्रकार असा की, जिच्यात वर्गपद उणे असते. तिची किंमत एका टोकापर्यंत वाढते आणि मग उतरू लागते. शाळांच्या परसबागेतून याचे चांगले उदाहरण मिळते. शाळेपाशी ६० मीटर जाळी आहे. एका बाजूस शाळेची लांब भिंत आहे. उरलेल्या तीन बाजूंस जाळी लावून आयताकार वाफा करायचा आहे. क्षेत्र जास्तीत जास्त कसे मिळेल?

मुले बहुधा चौरस सुचवितात: तिन्ही बाजू २० मीटर, क्षेत्र ४०० चौरस मीटर. भिंतीपासून बाहेर निघणारी बाजू क्ष मानली तर भिंतीला समांतर बाजू ६० − २क्ष उरते. क्ष = १० घेतले तरी ४०० च येतात. १२ घेतले तर ४३२, १८ घेतले तरी ४३२. दोन्ही बाजूंनी आकडे सारखे येत आहेत, तेव्हा शिखर बरोबर मध्ये, १५ वर असले पाहिजे. आणि तेथे ४५० येतात. पूर्ण वर्ग केला की ४५० − २(क्ष − १५)² अशी राशी मिळते. कोणताही वर्ग उणे नसतो, म्हणून ४५० मधून काही ना काही वजा होणारच; क्ष = १५ असेल तरच काही वजा होत नाही. त्याच जाळीत पन्नास चौरस मीटर जमीन अधिक मिळाली. आलेख काढला तर उलट्या पन्हळीसारखा वक्र दिसतो. त्याला अन्वस्त म्हणतात.

खताची मात्रा आणि पिकाचे उत्पादन यांचा संबंध कृषी संशोधनात बहुधा अशाच वक्राने मांडला जातो. सुरुवातीच्या पोत्याने उत्पादन पुष्कळ वाढते, पुढच्याने कमी, आणि शिखराजवळ टाकलेले खत जवळजवळ वाया जाते.

शेततळ्याच्या हिशेबात एक भर घालणे आवश्यक आहे. २३ मीटर बाजूच्या भरलेल्या तळ्याचा पृष्ठभाग ५२९ चौरस मीटर असतो. दररोज ५ मिलिमीटर पाणी उन्हाने उडते असे धरले, तर पहिल्या दिवशीच २,६४५ लीटर पाणी जाते. बागेला दररोज १०,००० लीटर लागतात, त्याच्या चौथाईहून अधिक हे झाले. पाणी उतरेल तसा पृष्ठभाग आक्रसतो आणि ही घटही कमी होते, परंतु १,२०० घनमीटरची गरज धरून आखलेले तळे प्रत्यक्षात अपुरे पडणार हे उघड आहे.

दुसरी भर मातीसंबंधी. मुरमाड जमिनीत एकास एक उतार टिकतो. काळ्या जमिनीत काठ खचू नये म्हणून उतार अधिक सौम्य, दीडास एक असा ठेवावा लागतो. मग तीन मीटर खोलीत प्रत्येक काठ साडेचार मीटर आत येतो आणि सूत्र बदलून ३(क्ष − ४.५)² + २०.२५ असे होते. ते ठोकळा, पाचरी आणि कोपरे यांच्या साहाय्याने विद्यार्थ्यांना स्वतः काढता येईल. तीस मीटर बाजूच्या तळ्यात अशा उताराने १,९७१ घनमीटर पाणी मावते, म्हणजे मुरमाड रानातील तेवढ्याच तळ्यापेक्षा २२५ घनमीटर कमी. फक्की मारून आखणी करण्यापूर्वी हा फरक शेतकऱ्याला सांगितला गेला पाहिजे.